आश्रय घरांच्या यादीत आपला नंबर कितवा, हे कोणाला विचारायचे?

मराठी_शाळेच्या_बाई

नमस्कार. माझ्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींचा एक साधा प्रश्न गेले तीन महिने माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे. मी बेळगावपासून तासाभराच्या अंतरावरील एका गावात नोकरीला आहे. गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण मला कोणा एका कार्यालयाची तक्रार करायची नाही.

मावशी विधवा आहेत. मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशी पाच माणसे दहा बाय बाराच्या एका भाड्याच्या खोलीत राहतात. खोलीतच मोरी आहे. रात्री मोरीवर फळी टाकतात आणि त्या फळीवर मुलांची दप्तरे ठेवतात. सहा वर्षांपूर्वी त्यांनी नगरपालिकेत आश्रय घरासाठी, म्हणजे सरकारी योजनेतून गरिबांना मिळणाऱ्या घरासाठी, अर्ज दिला. त्याची पोचपावती त्यांनी रेशनकार्डाच्या आत घडी करून, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून जपली आहे. दर चार-सहा महिन्यांनी एक खाडा करून त्या खिडकीवर जातात आणि एवढेच विचारतात, ‘माझा नंबर कितवा?’ आजवर त्यांना ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘यादी बेंगळूरहून येते’ आणि ‘निवडणूक झाल्यावर या’ अशी तीन उत्तरे मिळाली आहेत. आता त्यांच्याच गल्लीतील एका कुटुंबाला घर मंजूर झाले, आणि त्या कुटुंबाने अर्ज मावशींच्या नंतर दिला होता. तेही कुटुंब गरीबच आहे, त्यामुळे मावशींचा त्याच्यावर राग नाही. त्या म्हणतात, ‘तिला आधी का, ते सांगा, म्हणजे मी गप्प बसते.’

माझा प्रश्न असा आहे. घरे शंभर आणि अर्जदार हजार असतील, तर ती वाटण्याची न्याय्य पद्धत कोणती? आधी येईल त्याला आधी, ज्याची गरज मोठी त्याला आधी, की सरळ सोडत? आणि आपल्या भागात यांपैकी नेमकी कोणती पद्धत चालते, हे कोणाला ठाऊक आहे काय?

टिळकवाडी_३

यात एवढा विचार करण्यासारखे काय आहे, ते मला समजले नाही. ज्याचा अर्ज आधी, त्याला घर आधी. रेशनच्या दुकानापुढे आपण पिशव्या रांगेत ठेवतो, तेव्हा पिशवी कोणाची आहे हे कोणी पाहत नाही.

जुनी_फाईल

बाई, मी कर्नाटकातील नगरपालिकांमध्ये तीस वर्षे कारकुनी केली आणि आता निवृत्त आहे. तुमच्या मावशींना नंबर का सांगता येत नाही, याचे खरे उत्तर खिडकीवरचा माणूस देत नाही, कारण ते दिले तर वाद वाढतो. मावशींना नंबरच नाही, हे ते उत्तर.

लोकांची समजूत अशी असते की कार्यालयात एक मोठे रजिस्टर आहे, त्यात आपले नाव चढले आहे आणि पुढची नावे गळत गेली की आपण वर सरकतो. प्रत्यक्षात योजनेनुसार आणि वर्षानुसार वेगवेगळ्या याद्या होतात. शहरी भागात वाजपेयी नगर वसती योजना, अनुसूचित जाती-जमातींसाठी आंबेडकर निवास योजना, विधवा, अपंग, सफाई कामगार अशा विशेष घटकांसाठी देवराज अरस योजना, त्यांशिवाय केंद्राची प्रधानमंत्री आवास योजना आणि झोपडपट्टी विकास मंडळाची घरे. राज्याच्या योजनांचे उद्दिष्ट, म्हणजे किती घरे द्यायची तो आकडा, राजीव गांधी ग्रामीण वसती निगमाकडून येते. या निगमाच्या नावात ‘ग्रामीण’ असले तरी शहरी योजनाही तोच पाहतो, आणि २००० सालापासून तो हे काम करतो आहे. उद्दिष्ट गटागटांत विभागलेले असते. समजा एका नगरपालिकेला साठ घरे आली, तर त्यांतील इतकी या गटाला, इतकी त्या गटाला, असे ठरूनच येते. त्यानंतर शहरी भागात आश्रय समिती नावे निवडते आणि त्या समितीचे अध्यक्ष स्थानिक आमदार असतात. खेड्यात हेच काम ग्रामसभेने करायचे असते.

म्हणजे ही रांग नाही, दर वेळी नव्याने धरलेली चाळण आहे. मागच्या चाळणीत तुम्ही थोडक्यात राहून गेलात, याचा पुढच्या वेळी काहीही उपयोग होत नाही. मावशींच्या गल्लीतील दुसऱ्या कुटुंबाला आधी घर मिळाले ते कदाचित त्यांच्या गटाचे उद्दिष्ट आले म्हणून. कदाचित त्यांचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र चालू मुदतीतील होते आणि मावशींचे संपले होते म्हणून. आणि कदाचित आणखी कशामुळे. बाहेरून पाहणाऱ्याला ही तीन कारणे वेगळी करता येत नाहीत. मला तरी खरा दोष तिथेच दिसतो.

हिंडलगा_रोड

‘आणखी कशामुळे’ हे शब्द जुन्या फाईलमधल्या लाल शेऱ्यासारखे वाटले. साहेब, निवृत्तीनंतरही सही जपून करता.

जुनी_फाईल

पेन्शन चालू आहे ना.

खासबाग_मागवाला

बाईंचा प्रश्न घर कोणाला मिळावे असा आहे. मला त्याच्या शेजारचा प्रश्न मांडायचा आहे, तो म्हणजे कोणते घर कोणाला.

आमचे घराणे विणकरांचे. खासबाग, वडगाव, शहापूर या भागांत अजूनही ज्या घरांतून मागांचा खडखडाट ऐकू येतो, त्यांपैकी अनेक घरे भाड्याची आहेत. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग, मागे स्वयंपाक आणि माळ्यावर झोपणे. आमच्या चुलत भावाला काही वर्षांपूर्वी एका योजनेत सदनिका मिळण्याची वेळ आली. आर्थिक दुर्बल घटकासाठी चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आतबाहेर. ते त्याच्या सध्याच्या जागेपेक्षा फार लहान होते असे नाही. पण सदनिका दुसऱ्या मजल्यावर होती. माग दुसऱ्या मजल्यावर चढत नाही. चढवलाच, तर त्याच्या हादऱ्याने खालचा माणूस तिसऱ्या दिवशी पोलिसांत जातो, आणि त्यात त्याची काही चूकही नसते. भावाने कार्यालयात जाऊन तळमजला मागितला. तेव्हा त्याला सांगण्यात आले की तळमजला अपंग आणि वृद्ध यांच्यासाठी आधी द्यावा लागतो. हा नियम योग्यच आहे आणि त्याविरुद्ध मला काहीही म्हणायचे नाही. भावाने ते घर सोडले. कागदावर मात्र त्याची नोंद ‘लाभार्थ्याने नकार दिला’ अशी झाली.

आता बाईंच्या तीनही पद्धती लावून पाहा. रांगेत तो पुढे होता, गरज होती आणि सोडतीत नावही निघाले असते. तरीही घर त्याच्या कामाचे नव्हते. अर्जात जात, उत्पन्न, आधार, रेशनकार्ड सगळे विचारतात. ‘तुम्ही घरात बसून काय काम करता’ हा रकाना मी अजून कुठल्याही अर्जात पाहिलेला नाही.

निपाणीकर

मागवाले यांनी मुद्द्यावर बोट ठेवले. आमच्याकडे निपाणीत हीच गोष्ट विडी कामगार बायकांची आहे. विडी घरातच वळली जाते. दारात उजेडाला बसून सुपात पाने, तंबाखू आणि दोरा घेऊन दिवसाला हजाराच्या आसपास विड्या वळणाऱ्या बाईला घर म्हणजे कारखानाही असतो. त्यांच्यासाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची वेगळी घरबांधणी योजना होती. २०१६ पासून तिच्यात प्रत्येक लाभार्थ्यास १ लाख ५० हजार रुपयांचे अनुदान तीन हप्त्यांत मिळत असे. अट अशी की विडी कामगाराचे ओळखपत्र हवे आणि स्वतःच्या नावावर जागा हवी. ज्या बाईकडे जागा आहे, तिची अडचण निम्मी सुटलेलीच असते. जिच्याकडे जागा नाही, तिच्यापर्यंत ते अनुदान पोहोचणार कसे?

सोलापूरकरांनी या कोड्यातून वेगळी वाट काढली, ती इथे सांगण्यासारखी आहे. तिथे विडी कामगार आणि इतर असंघटित कामगार यांनी सहकारी संस्था करून कुंभारीजवळ आधी दहा हजार घरांची वसाहत उभी केली. त्यानंतर प्रधानमंत्री आवास योजनेखाली रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प हाती घेतला. त्यांपैकी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. कामगार नेते नरसय्या आडम यांनी यासाठी किती वर्षे मोर्चे काढले, हे सोलापुरात कोणालाही विचारा. तिथे यादी सभासदांची होती. सभासद कोण, किती वर्षांपासूनचा आणि त्याने किती वाटा भरला, हे संस्थेतील सर्वांना ठाऊक असते. सीमाभागात भाषेच्या प्रश्नावर आपण एका हाकेला जमतो, पण घरासाठी अशी संस्था काढावी असे आपल्याला कधी सुचले नाही. हे मी स्वतःलाही धरूनच लिहितो आहे.

टिळकवाडी_३

सहकार, संस्था, वाटा हे सगळे ठीक आहे. पण मिळालेली घरे लोक भाड्याने देतात, त्याचे काय? माझ्या ओळखीत अशी दोन उदाहरणे आहेत. घर योजनेतले, त्यात राहतो भाडेकरू आणि मालक पुन्हा जुन्या झोपडीत. अशांना घर दिले म्हणून खरा गरजू बाहेर राहतो. आधी हे थांबवा.

शहापूरची_माहेरवाशीण

टिळकवाडी_३ दादा, तुमचे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धे आहे. मी ज्या बाईंना ओळखते, त्यांनीही घर भाड्याने दिले. त्यांना घर मिळाले ते गावाबाहेर, मोकळ्या माळावर, कारण सरकारी जागा तिथेच होती. त्या शहरात चार घरची कामे करतात. पहिले काम सकाळी साडेसहाला असते, कारण त्या घरातील नवरा-बायको दोघेही आठला बाहेर पडतात. माळावरून पहिली बस सातला सुटत असे. महिनाभर त्या चालत आल्या. मग दोन कामे सुटली. तेव्हा त्यांनी माळावरचे घर एका गवंड्याला भाड्याने दिले आणि त्या भाड्यात थोडी भर घालून शहरात पुन्हा एक खोली घेतली. नियमाने ही गोष्ट चूकच होती. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

तेव्हा ‘खरा गरजू’ कोण, हे ठरवताना त्याचे काम कुठे आहे हेही पाहायला हवे, असे मला वाटते. मागवाले म्हणतात तसा एक रकाना, आणि त्याच्या खाली दुसरा रकाना: कामाच्या ठिकाणी किती वाजता पोहोचावे लागते.

खानापूर_जंगलपट्टी

‘खरा गरजू’ कोण, यावर शहरवाल्यांची चर्चा चालली आहे. आमच्या खेड्यांत गुण देऊन गरज मोजण्याचा प्रयोग आधीच होऊन गेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय जनगणनेवरून प्रतीक्षा यादी केली गेली. आधी बेघर, नंतर कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेल्या खोल्यांची संख्या, असा क्रम. एकाच पायरीवर अनेक कुटुंबे आली, तर त्यांच्यात वंचिततेचे पाच प्रश्न लावायचे. घरात १६ ते ५९ वयाचा एकही प्रौढ नाही काय? कुटुंबप्रमुख स्त्री असून त्या वयाचा पुरुष नाही काय? पंचविशीच्या पुढचा एकही साक्षर नाही काय? अपंग सदस्य आहे आणि धडधाकट प्रौढ कोणी नाही काय? जमीन नाही आणि मोलमजुरीवरच घर चालते काय? जितक्या प्रश्नांना ‘होय’, तितके कुटुंब वर. मग ती यादी ग्रामसभेपुढे वाचून दाखवायची. कागदावर यापेक्षा शहाणी पद्धत मला तरी सुचणार नाही.

आता तिच्यात काय झाले ते सांगतो. वगळण्याचेही निकष होते आणि त्यांत यांत्रिक दुचाकी ही एक बाब होती. आमच्या शेजारच्या वाडीत एक दूधवाला आहे. त्याच्या घराचे छप्पर पावसाळ्याआधी दर वर्षी प्लॅस्टिकने शाकारावे लागते, आणि खानापूरच्या पश्चिमेचा पाऊस ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या प्लॅस्टिकचे काय होते हे वेगळे सांगायला नको. त्याने दुधाचे कॅन वाहण्यासाठी दहा हजारांत एक जुनी एम-८० घेतली होती. तिचे आरसे नाहीत, सीटवर पोते शिवलेले आणि दोन्ही बाजूंना कॅन अडकवण्यासाठी गजाचे आकडे. पाहणीला आलेल्या माणसाने अंगणात गाडी पाहिली आणि रकान्यात ‘होय’ लिहिले. दूधवाला गळाला. दुचाकीची ही अट २०२४ मध्ये केंद्राने काढून टाकली. तोपर्यंत ती एम-८० भंगारात गेली होती. तो हसत म्हणाला, ‘गाडी गेली, आता घर येईल.’

मला गुणांकन नको आहे असे नाही. गुण द्यायला येणारा माणूस अंगणात किती वेळ थांबतो, यावर सगळे ठरते, एवढेच सांगायचे होते.

सध्या_इंग्लंडात

मूळचा मी अथणीचा, आता नोकरीनिमित्त इंग्लंडात आहे. इथे नगरपरिषदांची स्वतःची भाड्याची घरे असतात आणि ती वाटण्याची पद्धत प्रत्येक नगरपरिषदेला लेखी जाहीर करावीच लागते. १९९६ च्या गृहनिर्माण कायद्यात ते बंधन आहे. बेघर, अतिगर्दीच्या किंवा आरोग्याला घातक घरात राहणारे, आजारपणामुळे वेगळे घर हवे असणारे, अशा लोकांना वाजवी प्राधान्य दिलेच पाहिजे, असेही त्याच कायद्यात आहे. त्याच्या पुढचे तपशील ज्याची त्याची नगरपरिषद ठरवते. २०११ च्या कायद्यानंतर त्यांना आणखी मोकळीक मिळाली, त्यामुळे अनेक ठिकाणी आता ‘या गावात इतकी वर्षे राहिलेला असावा’ अशा अटी आहेत.

बऱ्याच ठिकाणी अर्जदारांना गरजेनुसार तीन-चार पट्ट्यांत बसवतात. मग रिकामी झालेली घरे संकेतस्थळावर येतात आणि अर्जदार हव्या त्या घरावर बोली लावतो. बोली म्हणजे पैसे नव्हेत. ‘मला हे घर चालेल’ असे कळवणे. ज्याची पट्टी वरची, त्याला घर. पट्टी सारखी असेल, तर जो त्या पट्टीत आधीपासून आहे त्याला. यामुळे मागवाले यांच्या भावासारखी अडचण बरीच कमी होते, कारण दुसऱ्या मजल्यावर बोलीच लावायची नाही. आणि अनेक नगरपरिषदा नंतर जाहीर करतात की अमुक घर अमुक पट्टीतील माणसाला गेले आणि तो इतका काळ थांबला होता. मावशींना हवे असलेले उत्तर ते हेच.

पण इथे दूध-मध वाहते आहे असे समजू नका. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. लाखो घरे विकली गेली आणि त्यांच्या जागी तितकी बांधली गेली नाहीत. आज इंग्लंडात प्रतीक्षा यादीवर तेरा लाखांच्या आसपास कुटुंबे आहेत. माझ्या कामावरच्या एका बाईंचा नंबर त्यांना संकेतस्थळावर रोज दिसतो. त्या म्हणतात, ‘नंबर दिसतो, घर दिसत नाही.’

हिंडलगा_रोड

बोली लावायची म्हटल्यावर आमच्या मार्केट यार्डातले कांदा-बटाट्याचे अडते आधी पोहोचतील. रुमालाखाली बोटे दाबून घरे जातील.

मराठी_शाळेच्या_बाई

सर्वांचे आभार. ‘सध्या_इंग्लंडात’ यांच्या कामावरच्या बाईंचे वाक्य मी मावशींना सांगितले. त्या म्हणाल्या, ‘दिसू दे की. निदान खाडा तरी पडत नाही.’

सोडतीबद्दल अजून कोणी काही लिहिलेले नाही.

चाळीतला_नातू

मग मी लिहितो. माझे आजोबा चंदगड भागातून मुंबईला जाऊन गिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर आमचे कुटुंब परत आले आणि पुढे बेळगावात स्थिरावले. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधायचे ठरले तेव्हा अर्ज भरून घेण्यात आले, आणि दीड लाखाहून अधिक अर्ज आले. २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली, ती सात हजारांच्याही आतल्या घरांची. आजोबांचे नाव निघाले नाही. पुढच्या सोडतींतही निघाले नाही. आता आजोबा नाहीत. अर्ज वडिलांच्या नावे वारस म्हणून चालू आहे.

सोडतीचा एक गुण मला मान्य करावाच लागेल. आजोबांनी कधी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. नाव निघाले नाही, तर ‘नशीब’ म्हणाले आणि चहा घेतला. संगणकाशी भांडण होत नाही, वशिला शोधत हिंडावे लागत नाही आणि शेजाऱ्याबद्दल मनात अढी राहत नाही. पण आजोबा ७८ वर्षांचे होते आणि त्यांच्याबरोबर त्याच डब्यात, त्याच हक्काने, पन्नाशीतला वारस होता. डब्याला वय दिसत नाही. सोडत निःपक्षपाती असते हे खरे, पण ती आंधळी असते म्हणून निःपक्षपाती असते.

वेशीवरचा

इतका वेळ सगळे मूळ मुद्दा टाळून बोलत आहेत. सगळे अर्ज, सूचना आणि याद्या कन्नडमध्ये असतात. ज्या मावशींना मराठीही जेमतेम वाचता येते, त्या कन्नडमधील यादीत स्वतःचे नाव कसे शोधणार? एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या १५ ते २० टक्के असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने १९५६ च्या निवेदनातच मान्य केले आहे. घराच्या यादीहून महत्त्वाची सूचना दुसरी कोणती? मराठी माणसाला यादीतून वगळण्याचा हा सरळ मार्ग आहे.

खासबाग_मागवाला

सूचना मराठीतही असावी, याला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा विणकर कन्नड भाषिक आहे. त्याने ती यादी कन्नडमध्ये घडघडा वाचली असती, जर ती कुठे लावलेली असती तर. त्यालाही त्याचा नंबर माहीत नाही. आम्ही दोघे एकाच खिडकीवरून एकच उत्तर घेऊन परत आलो आहोत.

वेशीवरचा

तुमच्या शेजाऱ्याला निदान ‘नाही’ का म्हणाले ते तरी समजले.

खासबाग_मागवाला

त्याला ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असे म्हणाले. ते वाक्य आता आपल्या दोघांनाही दोन्ही भाषांत पाठ आहे.

शहापूरची_माहेरवाशीण

भाषेचा विषय निघालाच आहे, तर सिंगापूरचे सांगते. माझी नणंद तिथे आहे. तिथे बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींतच राहतात, आणि १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांच्या संख्येवर मर्यादा ठरलेली आहे, म्हणजे एका वंशाची वेगळी वस्ती होऊ नये. नणंदेला घर बदलताना याचा त्रासही झाला, कारण त्या इमारतीतील भारतीयांचा वाटा भरला होता. तरीही तिचा मुलगा ज्या जिन्यात खेळतो तिथे चार भाषा बोलतात. आपल्याकडे गटवार वाटा आहे, तो किती असावा यावर वाद होतात. जून २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने घरकुल योजनांतील अल्पसंख्याकांचा वाटा १० वरून १५ टक्के करण्याचा निर्णय घेतला तेव्हा किती गदारोळ झाला, ते आपण पाहिले. पण कोण कोणाच्या शेजारी राहणार, याचा विचार आपल्या योजनांत कुठेच नाही.

संपादक

गटवार टक्केवारीवर स्वतंत्र धागा काढावा. येथे वाटपाच्या पद्धतीवरच लिहावे, ही विनंती.

जुनी_फाईल

बाईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचे उत्तर मी अजून दिलेले नाही.

निव्वळ रांग मला मान्य नाही. टिळकवाडी_३ यांनी रेशनच्या रांगेचे उदाहरण दिले, पण तिथे प्रत्येकाच्या वाट्याचे धान्य आत ठेवलेले असते आणि ते तासाभराने मिळणार असते. घराच्या रांगेत ज्याला अर्ज निघाल्याची बातमी आधी कळते तो पुढे उभा राहतो, आणि बातमी आधी कोणाला कळते हे मी तीस वर्षे पाहिले आहे. निव्वळ सोडतही नको. आजोबा आणि वारस यांचे उदाहरण पुरेसे आहे. गरजेवर गुण द्यावेत, गुण देण्याचे निकष आधी जाहीर करावेत आणि शेवटी समान गुणांची वीस कुटुंबे व आठ घरे उरली, तर तेवढ्यापुरती सर्वांसमोर चिठ्ठी काढावी. आणि जो राहिला, त्याला थांबल्याच्या प्रत्येक वर्षाचा एक गुण द्यावा, म्हणजे चाळणीतही थोडी रांग शिल्लक राहील. समितीत आमदार असायला माझी हरकत नाही. समितीने एखादे नाव वर घेतले, तर त्याच्यापुढे एका ओळीत कारण लिहावे.

हे होईपर्यंत मावशींनी तीन गोष्टी कराव्यात. उत्पन्नाचे प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते. सहा वर्षांपूर्वीच्या अर्जाला जोडलेले आता नक्कीच संपले आहे, ते नाड कचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, नवे काढावे आणि त्यावरचा आरडी क्रमांक लिहून ठेवावा. विधवा म्हणून देवराज अरस योजनेत नाव घालता येते काय, हे स्वतंत्र अर्जाने विचारावे, कारण जुना अर्ज आपोआप त्या योजनेकडे जात नाही. आणि माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.

टिळकवाडी_३

थांबल्याच्या वर्षाला एक गुण, ही तडजोड मला मान्य आहे. रांगेचा तेवढा तरी मान राहिला.

मराठी_शाळेच्या_बाई

जुनी_फाईल काकांच्या सांगण्यावरून काल रात्री अर्ज लिहायला बसले. सहा वर्षांचा सगळा इतिहास, मावशींची खोली, गल्लीतील दुसरे कुटुंब, निकषांची मागणी आणि शेवटी शासनाच्या उदासीनतेबद्दल एक परिच्छेद, असा दोन पानांचा अर्ज झाला. तो इथे टाकू काय?

जुनी_फाईल

टाकू नका आणि देऊही नका. कर्नाटकच्या नियमांत माहितीचा अर्ज एकाच विषयावर आणि सामान्यतः दीडशे शब्दांच्या आत असावा, असे आहे. दोन पाने दिलीत, तर एवढ्याच कारणावरून तो परत येईल. खोली, गल्ली आणि उदासीनता काढा. अर्जाची तारीख व पोचपावतीचा क्रमांक लिहा आणि एवढेच मागा: त्या तारखेनंतर मंजूर झालेल्या लाभार्थ्यांची गटवार यादी, आणि ती निवडताना लावलेल्या निकषांची प्रत.

वेशीवरचा

अर्ज मराठीत द्यावा. नाकारला तर पुढे लढता येईल.

मराठी_शाळेच्या_बाई

मराठीत द्यावा असे मलाही वाटत होते, म्हणून मावशींनाच विचारले. त्या म्हणाल्या, ‘मला भांडण नको, नंबर पाहिजे.’ शाळेतील कन्नडच्या शिक्षकांनी मधल्या सुट्टीत बसून कन्नडमध्ये लिहून दिला. मराठी प्रत मी सोबत जोडली आहे. मराठी प्रत १३१ शब्दांची झाली. सही मावशींनी मराठीत केली. नाव लिहून झाल्यावर त्यांनी विचारले की दहा रुपये रोख द्यायचे की पोस्टल ऑर्डर काढायची.

जुनी_फाईल

पोस्टल ऑर्डर. आणि तिचा क्रमांक अर्जावर लिहा. पोचपावती त्याच पिशवीत ठेवा.